कॉरिडॉरपुरत्या चार ओळी

यामच्या ढिगामागे लपून बान्जोकोला मिळणार होतं ते फार तर एवढंच : मला बघून नमस्काराला जमिनीला बोटं टेकेपर्यंत वाकावं लागणार नव्हतं, हातातली काळी प्लॅस्टिकची पिशवी पाठीमागे सरकवावी लागणार नव्हती, आणि गुरुवारचा पेशंट कसा आहे या माझ्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार नव्हतं. चार-पाच मिनिटांची सुटका. त्याबद्दल त्याला द्यावं लागत होतं ते असं, की एकतीस वर्षांचा, सहा फूट उंचीचा, वर्षभरात सर्जन होऊ घातलेला माणूस शनिवारच्या भर बाजारात, भाजीवाल्या बायकांच्या देखत, मांडीएवढ्या जाड कंदांच्या ढिगाआड उकिडवा बसला होता आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला लाल माती लागत होती. सौदा वाईट नव्हता. त्याच्या वयाची असताना मीही तो केला असता. केला होता.

मी त्याला ओळखलं ते कोपरावरून. ढिगाच्या कडेनं एक कोपर दिसत होतं, बरगडीला घट्ट चिकटवलेलं. माणसं लपताना आक्रसतात, पण अशी नाही. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहिल्यावर कोपर अंगापासून सुटता कामा नये, हे मी त्याला दोन वर्षं शिकवलंय, शिकवलंय म्हणजे दर वेळी कोपर सुटलं की सगळ्यांसमोर म्हटलंय, "डॉक्टर, उडायचा विचार आहे का?" आता तो लपतानाही उडत नव्हता. शिक्षण एवढं मुरलेलं बघून आधी मला बरं वाटलं, हे कबूल करते. मग बाकीचं लक्षात आलं. रोज सकाळी माझ्या मागे चालणारा माणूस बाजारात मला बघून लपतो. जिला बघून लपावं, अशी मी कुणाची तरी झाले होते.

"डॉक्टर, तो तुमचा माणूस ना?" इया सिकिरा म्हणाली. वीस वर्षं मी तिच्याकडूनच याम घेते. तिची मोठी मुलगी सिकिरा, म्हणून ही सिकिराची आई. तिचं स्वतःचं नाव मला ठाऊक नाही. "मघापासून बसलाय. माझ्या यामवर अंडी घालायचा विचार दिसतो."

"असू दे. तू हा तोलून दे."

"हा नको, आतून काळा निघेल. हा घ्या. आणि त्याला काय कोंबडीसारखा तिथंच ठेवायचा?"

मी याम बोटानं वाजवून बघत राहिले. पोट तपासताना वाजवतो तसंच, मधलं बोट टेकवून त्यावर दुसरं. हेही कुणीतरी शिकवलेलं. हरमटानचे दिवस होते. वाळवंटाकडून आलेली धूळ इबादानच्या गंजक्या पत्र्यांवर बसून गावाचा एकच रंग झाला होता, आणि त्या धुळीत मिरची दळायच्या यंत्राचा वास मिसळला की मला दुसरं काही आठवूच शकत नाही. याच बाजारात, सदतीस वर्षांपूर्वी, मी त्या यंत्रामागे लपले होते. समोरून ओगा येत होते.

ओगा म्हणजे साहेब. तसे आमच्याकडे टॅक्सीवाल्यालाही ओगा म्हणतात, पण टेकडीवरच्या मिशन हॉस्पिटलात ओगा एकच, डॉक्टर फागबेन्ले. बुटके, काळे कुळकुळीत, बूट असे चकचकीत की वाकून त्यांत बघत टोपी नीट करावी. चिरताना चर्चमधली गाणी गुणगुणायचे. गाणं थांबलं की समजावं, रक्त लागलं. त्यांचे हात मी अजून बघते. झोप यायच्या आधी कुणाला समुद्र दिसतो, कुणाला गाव. मला ओगांच्या डाव्या हाताची बोटं दिसतात, आतडं उचलताना, जणू झोपलेल्या मुलाला न जागवता कूस बदलून देतायत. त्या हातांसाठी मी काहीही सोसलं असतं, आणि सोसायला तिथं पुष्कळ होतं. त्या दिवशी यंत्रामागे मिरचीची पूड नाकात गेली. मी शिंक दाबली, पुन्हा दाबली, डोळ्यांतून पाणी गळालं. ओगांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोमॅटो घेतले, मिरच्या घेतल्या, गेले. सोमवारी टेबलाशी, हात पोटात असताना, मान वर न करता म्हणाले, "ओगुन्दिरान, शिंक दाबू नये. मेंदूत जाते. तुझ्याकडे तिथं जागा आहे म्हणा." सगळं थिएटर हसलं. मीही हसले, आणि ओगांनी माझ्यावर विनोद केला याचा दिवसभर अभिमान वाटला. त्या वयातला अभिमान काय काय खाऊन जगतो!

ओगा कुणाला मारायचे नाहीत, शिवी तर तोंडात नव्हतीच. त्यांची एकच पद्धत होती. हातून काही चुकलं, गाठ सुटली, चिमटा पडला, नको ती नस कापली गेली, की शस्त्रक्रिया संपल्यावर ज्याची चूक त्यानं रक्तानं माखलेल्या गाऊनसकट बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं आणि स्वतःची बिरुदावली म्हणायची. आमच्याकडे प्रत्येक मुलाला एक असते. घराण्याची, आणि तिच्या टोकाशी त्याची स्वतःची. सकाळी मूल गुडघे टेकून नमस्कार करायला आलं की आई किंवा आजी ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, अर्धी गात, अर्धी बोलत. मोठी माणसंसुद्धा ती ऐकून रडतात. स्वतःची स्वतः कुणी म्हणत नाही. ओगा म्हणायला लावायचे. नर्सेस दारांत यायच्या, स्ट्रेचर ढकलणारे थांबायचे, खिडकीबाहेर संत्री सोलून विकणाऱ्या बायका टाचा उंचावून बघायच्या.

"कोणाची मुलगी तू? सांग सगळ्यांना."

मग मी सांगायची. अमोके, ओळखून लाड केलेली. भात्याच्या घरची, आगीला झोपू न देणाऱ्यांची नात. लोखंडाला वाकवून वर त्याच्याकडूनच वचन घेणाऱ्यांची. घण एकाच जागी दोनदा पाडणाऱ्यांची. इथं ओगा हात वर करायचे. "पुरे. एकाच जागी दोनदा! आणि आज नातीचा एकदासुद्धा पडला नाही." हशा. दर वेळी चौथ्या ओळीवर हात वर, दर वेळी तोच हशा. पुढे केवढी लांब होती! पण विनोद चौथ्या ओळीवर होता.

आणि मग, हे सांगितलं नाही तर ओगांवर अन्याय होईल, ते स्वतः आपल्या खोलीत न्यायचे. टेबलावर चहा, डब्याच्या दुधाचा, आणि वर्तमानपत्रात बांधलेले गरम अकारा, चवळीच्या डाळीचे वडे. पहिला वडा त्याला, ज्यानं आत्ता कॉरिडॉरमध्ये म्हटलं. स्वतःच्या हातानं. "खा. मी लिव्हरपूलला शिकलो तेव्हा तिथला सर्जन मला पोरा म्हणायचा. सहा वर्षं. कोणाचा पोरगा, ते एकदाही विचारलं नाही. मी निदान विचारतो." हे म्हणताना त्यांचे डोळे ओले व्हायचे आणि आपले व्हायचे. तो वडा मी अजून कुठे खाल्लेला नाही. त्या चवीत मिरची किती, मीठ किती आणि लाज किती, हे मला आजतागायत वेगळं करता आलेलं नाही. काही मुलं, मला दाट शंका आहे, वड्यासाठीच चुकायची.

पहिल्यांदा कॉरिडॉर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आईपुढे गुडघे टेकले. तिनं डोक्यावर हात ठेवला, सुरू केलं, अमोके, आणि माझे कान भाजल्यासारखे झाले. तिसऱ्या ओळीलाच मला चौथीचा हशा ऐकू यायला लागला. दोन-तीन आठवडे मी दात चावून ऐकलं. मग एका सकाळी म्हटलं, "आई, पुरे आता. मला उशीर होतोय." तिनं हात काढून घेतला. "हो गं, तुझी ड्यूटी," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं नुसतं विचारलं, "उठलीस?" त्यानंतर बावीस वर्षं, जाईपर्यंत, रोज तेवढंच. उठलीस? उठले.

बाजारात तोपर्यंत कोपर हललं नव्हतं. इया सिकिरानं यामची किंमत सांगितली, मी सवयीनं कमी करून मागितली, ती सवयीनं छातीवर हात ठेवून देवाला साक्षीला बोलवत होती. हे सगळं आमच्या दोघींच्या तोंडांनी आपसूक चाललं होतं. माझं लक्ष पिशवीकडे होतं. कोपराखाली काळी पिशवी होती आणि तिच्यातून एका खोक्याचा कोपरा वर आलेला. ते खोकं मला माहीत होतं. जबर इंजेक्शनं, पोटात पू झाला तर देतो ती. आमच्या हॉस्पिटलात ती मिळतात. फक्त पेशंटच्या कागदावर लिहावी लागतात, आणि तो कागद रोज सकाळी मी वाचते.

ज्याला लाज चुकवायची असते तो औषध बाहेरून आणतो. मी आणलं होतं.

ज्या बाईसाठी आणलं तिचं नाव ओगांनाही माहीत नव्हतं. सगळे तिला रंगारीण म्हणत. निळीची कापडं रंगवायची जन्मभर. नखं निळी, तळवे निळे. भूल देणारा डॉक्टर कुरकुरत होता, की बाई गुदमरली तर मला नखांवरून कळायचं कसं? तिच्या पोटातली गाठ ओगांनी काढली आणि शिवायला मला ठेवून ते पुढच्या टेबलाकडे गेले. शिवताना सुई आतड्याला लागली. लागली की नुसती घासली, हे सदतीस वर्षं मी स्वतःला विचारते आणि दर वेळी उत्तर येतं, लागली. हिरवट थेंब आला, मोहरीएवढा. मी पुसला. पुन्हा आला नाही. नुसतं म्हणायचं होतं, "ओगा, जरा बघता का?" ते चार पावलांवर होते, गाणं चालू होतं. त्या आठवड्यात माझं दोनदा म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा अमोके म्हणायला जीभ उचलेना. मी पोट शिवून टाकलं. फार सुबक शिवलं; सिस्टर म्हणाली, नव्या नवरीच्या ब्लाऊजसारखं. चौथ्या दिवशी ताप आला. मी बाजारातून माझ्या पैशांनी इंजेक्शनं आणून, रात्रपाळीला कुणी नसताना, देत राहिले. मिरचीच्या यंत्रामागे माझ्या पिशवीत तीच होती. सहाव्या दिवशी ती गेली, आणि गेली हेही जरा उशिरा कळलं, कारण नखं काय, आधीपासून निळीच.

शुक्रवारच्या बैठकीत ओगांनी फळ्यावर मृत्यूचं कारण लिहिलं : उशिरा आलेली केस. मग तिच्या टाक्यांची सगळ्यांना आठवण करून देत म्हणाले, "शिवावं तर ओगुन्दिराननं." त्या वर्षीचं सुवर्णपदक मला मिळालं.

पुढे ओगा निवृत्त झाले, वारले, त्यांचं तैलचित्र कॉरिडॉरमध्ये लागलं आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. त्यांची पद्धत मी ठेवली. म्हणजे सुधारून ठेवली. कॉरिडॉर मी काढून टाकला. दार लावून, आतल्या आत, सात-आठ जणांपुढे म्हणायला लावते. ही मला फार दयाळू सुधारणा वाटत होती. वडे मात्र कधी आणले नाहीत. वेळ कुठे होता!

परवाच्या बुधवारी बान्जोकोची गाठ सुटली. मी म्हटलं, "सांगा डॉक्टर, कोणाचे?" त्यानं सुरू केलं. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यात गेली, म्हणून आजीनं त्याचं नाव ठेवलं बान्जोको. म्हणजे, माझ्याजवळ बस. त्याची बिरुदावली सगळी विनवणीच आहे. बस बाळा, उठू नकोस. चटई टाकलीये, दार लावलंय, जायची वाट आम्ही विसरलो, तूही विसर. चटईच्या ओळीला मागून कुणीतरी खुसखुसलं आणि मी म्हटलं, "बसा बसा, गाठ काय, ती सुटतच असते." चांगला हशा झाला. माझं टायमिंग ओगांवर गेलंय.

गुरुवारी त्यानं जिमो नावाच्या एका टॅक्सी ड्रायव्हरचा अडकलेला हर्निया केला, एकट्यानं. शुक्रवारी कागदावर लिहिलं होतं : प्रकृती समाधानकारक. अक्षर फार सुबक.

मी याम इया सिकिराच्या हातात परत दिला आणि ढिगाला वळसा घातला. तो उठायला गेला, अर्धा वाकला, अर्धा उभा राहिला, आणि कंद घरंगळले.

"गुड मॉर्निंग मॅडम. मी... चप्पल. चपलेचा पट्टा."

त्याच्या पायांत बूट होते.

"बस," मी म्हटलं. तो बसला. माझे गुडघे आता वाकण्यातले राहिलेले नाहीत, तरी मीही खाली बसले, एका उपड्या टोपलीवर. इया सिकिरानं कपाळावर हात मारला. माझ्या तोंडात पहिला प्रश्न तयार होता, ओगांच्याच आवाजातला; पिशवीत काय आहे, डॉक्टर? मला दिसत होतं पुढे काय होईल. तो म्हणेल, आईचं औषध. मी म्हणेन, दाखवा. आणि तो कोपर अंगाला चिकटवून, अख्ख्या बाजारासमोर, खोटं बोलत राहील, तिकडे जिमो तासातासानं फुगत जाईल. या पद्धतीनं खरं बाहेर येत नाही. माझ्याकडून कुठे आलं होतं? मला दुसरी कुठली पद्धत येत नव्हती. येत होती ती एकच गोष्ट.

"अमोके," मी म्हटलं. त्यानं वर पाहिलं. "ओळखून लाड केलेली. भात्याच्या घरची, आगीला झोपू न देणाऱ्यांची नात."

"मॅडम?"

"ऐक. लोखंडाला वाकवून वर त्याच्याकडूनच वचन घेणाऱ्यांची. घण एकाच जागी दोनदा पाडणाऱ्यांची." हशा आला नाही. मी क्षणभर त्याची वाटही पाहिली. "तिनं एका बाईच्या आतड्यात सुई घातली आणि सांगितलं नाही. चार पावलांवर सांगायला माणूस होता. याच बाजारातून इंजेक्शनं नेली, मिरचीच्या यंत्रामागे लपली. बाई सहाव्या दिवशी गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. आज दुसराच दिवस आहे, बान्जोको."

 मग त्याचं कोपर सुटलं. बरगडीपासून दूर, सैल, पंख पडावा तसं.

"काळपट होतं," तो म्हणाला. "आतडं. गरम पाण्याची घडी ठेवली, लाल झालं असं वाटलं. एवढासा डाग राहिला. वाटलं कापावं. कापायचं तर तुम्हाला बोलवावं लागलं असतं."

"मग?"

"बुधवारीच तर झालं होतं, मॅडम."

"ताप?"

"काल संध्याकाळपासून. पोट कडक लागतंय आज. मी कागदावर..."

"गाडी कुठे लावलीयस?"

आम्ही उठलो. म्हणजे त्यानं मला उठवलं. मी फोनवर सिस्टर इबिरोंकेला टेबल तयार करायला सांगत होते, तेवढ्यात इया सिकिरा घरंगळलेले कंद गोळा करता करता म्हणाली, "फार चांगली म्हणता हो. लोहारांची ना? माझ्या काकूचं माहेर त्यांच्यातलंच. पुढे काय?"

"काय पुढे?"

"घणानंतर. पुढे असतं ना अजून? तिथं कोण थांबतं?"

मी तोंड उघडलं. दोनदा पाडणाऱ्यांची. दोनदा पाडणाऱ्यांची. त्यापुढे आईचा हात होता, डोक्यावर, जरा जड, सकाळच्या राखेचा वास असलेला. तिचा सूर खाली उतरायचा आणि मग एकदम वर जायचा, कुठल्यातरी नदीचं नाव होतं, की पक्ष्याचं? सूर होता. शब्द नव्हते.

"नाही येत," मी म्हटलं.

"मग आईला विचारा."

"आई नाही."

"अरेरे," ती म्हणाली, आणि निवडून ठेवलेला याम गाडीत टाकला. पैसे घेतले नाहीत. तिनं असं वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

जिमोचं पोट दुपारी बारा वाजता उघडलं. पू होता, वीतभर आतडं गेलेलं. बान्जोकोनं कापलं, मी समोर उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढावं लागलं. तीन महिने त्याला पोटाला पिशवी बांधून टॅक्सी चालवावी लागेल, चालवली तर. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर आम्ही दोघांनी त्याला जाऊन सांगितलं, काय चुकलं ते. त्यानं पोटावरची पिशवी हातानं चाचपली. मग म्हणाला, "म्हणजे गुरुवारीच कळलं होतं?" बान्जोको हो म्हणाला. "आणि मी गुरुवारपासून या डॉक्टरसाठी प्रार्थना करतोय," जिमो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

त्याआधी, गाऊन काढताना, सगळे थांबले होते. सात-आठ जण. सिस्टर इबिरोंकेनं सवयीनं दार लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम? म्हणायचं ना त्यानं?"

"नाही. उघड ते दार. कुणी जाऊन अकारा घेऊन या, सगळ्यांना." कुणी हललंच नाही. त्यांना वाटलं, ही नवीन शिक्षा आहे. वडे आले तेव्हा बान्जोकोनं हातात घेतला आणि खाल्ला नाही. बरोबरच होतं. मी खाल्ला. नुसती मिरची आणि मीठ.

जाताना कॉरिडॉरमध्ये ओगांच्या चित्रापुढे थांबले. चित्रकारानं हात नीट काढलेले नाहीत, बोटं जाड झालीत. ते हात मला दिले ते त्यांनीच, हे खोटं नाही, आणि आज जिमोच्या पोटात तेच हात होते. त्यांच्याशी भांडायला गेले तर मला आधी अकाराचा वास येतो. त्यांचं काही गेलं का? लिव्हरपूलला गेलं असेल, ते त्यांनी आमच्याकडून वसूल करून घेतलं, वर वडा देऊन. माझं? मला हात मिळाले, पदक मिळालं, खुर्ची मिळाली. रंगारणीनं किंमत म्हणून जीव मोजला. जिमोनं वीतभर आतडं आणि गुरुवार ते शनिवारच्या प्रार्थना. बान्जोको काय देणार ते अजून कळायचंय.

घरी आल्यावर मी याम सोलायला घेतला आणि पुन्हा म्हणून पाहिलं, हळू, भिंतीकडे तोंड करून. अमोके. भात्याच्या घरची. लोखंडाला. घण. आणि मग शांतता. आईला येत होतं ते सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, माझ्यासाठी राखून ठेवलेलं. बावीस वर्षं रोज सकाळी ते तिच्या तोंडाशी आलं असणार, आणि रोज सकाळी गिळून तिनं विचारलं, उठलीस? कॉरिडॉरचं मोल खरं कुणी भरलं असेल तर तिनं. आणि कशाबद्दल, हे तिनं मला एकदाही विचारलं नाही.